आईनं न घेतलेली भाकर

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. बुलढाण्यात आमच्याकडे काळ्या मनुका उकळून तो रस घरीच करतात, आणि ते काम वर्षानुवर्षं आईकडे होतं. ताट फिरण्याआधी पाळकसाहेब सांगतात, कोणाबद्दल मनात अढी असेल तर आधी ती सोडा. सगळे डोळे मिटतात, लगेच मोकळे होतात आणि भाकर घेतात. रस करणारी माझी आई मात्र ताट समोर आलं की तसंच पुढच्या बाईकडे सरकवायची.

अढी होती मावशीबद्दल, तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीबद्दल. आई सरकारी दवाखान्यात नर्स. मी लहान असताना एकदा तिला ट्रेनिंगसाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून माझ्या धाकट्या भावाला तिनं नांदुऱ्याकडे मावशीच्या गावी ठेवलं. तिथं त्याला ताप चढला. मावशी तेव्हा नव्यानंच एका प्रार्थनेच्या गटात जायला लागली होती. दवाखान्यात नेलं तर देवावर भरवसा नाही असं होईल, या भीतीनं ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उपास-प्रार्थना करत बसली. आईला निरोपसुद्धा धाडला नाही. आई पोचली तेव्हा लेकरू गार पडलं होतं. साऱ्या जिल्ह्याच्या लेकरांना सुया टोचल्या त्या बाईनं, आणि तिच्या पोटच्या पोराला तापाची एक गोळी मिळाली नाही.

मावशीनं संबंध तोडले नाहीत, आईनंही नाहीत. दर नाताळला मावशी डबाभर करंज्या घेऊन यायची, रडायची, माफी मागायची. आई म्हणायची, चहा घे, थंडा होते. मंडळीतल्या बायका आईला समजवायच्या, सिस्टर, माफ करून टाका. टाका काय टाका? शिळी भाजी आहे का ती? माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण खरं सांगायचं तर मलाही आईचा राग यायचा. एवढा काय हट्ट, असं वाटायचं.

मागच्या वर्षी आईला यकृताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्यात सगळं आलं. एक दिवस तिची वेणी घालत होते, तर म्हणाली, मरायच्या आधी एकदा ती भाकर घ्यावीशी वाटते. मी तिथंच उसळले. मग म्हण ना एकदा माफ केलं म्हणून! तोंडाचं काय जातं तुझ्या? मरणाऱ्या माणसाशी असं बोलतात का, पण मी बोलले.

"तोंडानं म्हणून काय होते बाई," आई म्हणाली. "देव आत पाह्यते ना."

मी पाळकसाहेबांना बोलावलं. तरणा माणूस, मनानं फार चांगला. त्यांनी तिला नीट समजावलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, आपण कमवत नाही, ते फुकटच मिळतं. सगळ्यांची पापं क्रुसावर फिटली, तुमच्या बहिणीचंही पाप त्यातच आलं.

आई म्हणाली, "देवानं तिले माफ केलं असंल. त्याचा मोठेपणा. पण पोरगं माह्यं होतं, अन् माह्याजवळची माफी त्यानं मलेच मांगतली हाय."

पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. मी मावशीला फोन लावला, असशील तशी ये म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली आणि आईच्या पायाशी बसली. पाळकसाहेब भाकर घेऊन बाजूला उभे होते. आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणते. मनातल्या मनात मी देवाचे पाय धरले होते.

"मी लय करून पाह्यलं," आई म्हणाली. "मले तुले माफ करता येऊन नाही राह्यलं. तूच मले माफ कर."

मावशीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून रडायला लागली. बिचारी माफी घ्यायला आली होती, ती देणार कुठून? आईचा हात उचलला गेला, मावशीच्या केसांपर्यंत आला आणि तिथून परत गोधडीवर गेला. पाळकसाहेबांचेही डोळे भरले. त्यांनी तुकडा पुढे केला, म्हणाले, घ्या आई, ही भाकर धडधाकट लोकांसाठी नाहीच मुळी. आईनं मान हलवली. मी हात जोडले, तरी नाही. त्याच आठवड्यात ती गेली, ती भाकर न घेताच.

माती झाली, पाहुणे पांगले. मी चहाला आधण ठेवलं होतं. मावशी माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ताईले नाही जमलं. तिच्या वतीनं तू तरी म्हण ना बाई."

मला तर त्या भावाचा चेहराही नीट आठवत नाही. आईला मात्र मीच म्हटलं होतं, तोंडाचं काय जातं तुझ्या. मावशी पदर तोंडाशी धरून वाट पाहत होती. मी तिच्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि माझ्याच्यानं म्हणवेना.