मरणाइतकी आजारी

सोलापुरात दवाखाना उघडून मला फार वर्षं झाली नव्हती. हातमागावर लुगडी विणणाऱ्या एका तेलुगू घरातली सून नवऱ्याच्या खांद्यावर रेलून आली. तिसरा महिना, आणि ओकाऱ्या अशा की पाण्याचा घोटही पोटात ठरेना. डोळे खोल गेलेले, त्यांत पिवळी झाक. घरी दोन लहान पोरं. गर्भ काढला नाही तर ही हातची जाणार, हे स्पष्ट होतं. अडचण कायद्याची होती; तेव्हा गर्भ काढणं हा गुन्हा होता.

माझ्या शेजारी एक वकील राहायचे. त्यांना गाठलं.

"बाईचा जीव वाचवायला प्रामाणिकपणे केलंत तर गुन्हा नाही," ते म्हणाले.

"जीव धोक्यात आहे हे ठरवायचं कुणी?"

"तुम्हीच. नंतर कोर्ट."

"आणि ती वाचली तर?"

"तिथंच गोची आहे. वाचली तर विचारतील, धोका होता कुठं? गेली तर म्हणतील, तुम्ही मारलीत. एखाद्या मोठ्या डॉक्टरांचं मत घ्या."

गावातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना मी तिच्या घरी नेलं. मोठे डॉक्टर आलेत म्हटल्यावर तिनं काय करावं? भिंतीला धरून उठली, पदर सावरला आणि सासूला चहा टाकायला सांगितलं. डॉक्टरांनी चहा घेतला आणि बाहेर येऊन म्हणाले, "चहाची विचारपूस करणारी बाई मरत नसते. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तिला डोळे उघडवेनात. डॉक्टरांनी नाडी धरली आणि मान हलवली. "आता हिला क्लोरोफॉर्म सोसायचा नाही. उशीर झाला."

"काल लवकर होतं, आज उशीर झाला. मग वेळ कधी होती, डॉक्टर?"

त्यांनी पुन्हा एकदा नाडी पाहिली. शेवटी म्हणाले, "करा. मी शेजारी उभा राहतो." आम्ही आधी तिच्या शिरेतून मिठाचं पाणी दिलं, मग शस्त्रक्रिया केली. ती वाचली.

महिन्याभरानं कुणीतरी पोलिसांत चुगली केली. जमादार दवाखान्यात आला आणि बाई दाखवा म्हणाला. मी त्याला घेऊन तिच्या घरी गेले, तर ती भरली घागर कमरेवर घेऊन दारातून आत येत होती.

"हीच मरत हुती व्हय?"

"हीच."

"आता तर लई झ्याक हाय की!"

"त्यासाठीच तर केलं."

"तसं न्हाय, बाईसाब. मेली असती तर धोका हुता ह्ये शाबीत झालं असतं. आता सायबास्नी काय सांगू मी?"

आपल्यामुळं मी अडचणीत आले, एवढं तिला उमगलं. तिनं घागर खाली ठेवली, अंगणातच आडवी झाली, डोळे मिटले आणि कण्हायला लागली. सासूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं तेलुगूत असा हंबरडा फोडला की चार घरच्या बायका धावल्या. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी वाळा घातलेलं पाणी तोंडावर मारलं. जमादार घाबराघुबरा झाला.

"अवो बाई, उटा की! बाईसाब, बघा तरी!"

मी वाकून नाडी पाहिली. हसू दाबल्यामुळं ती धडाधड पळत होती.

"नाडी फार जलद आहे," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"लई नाजूक परकृती हाय, असं सांगतो सायबास्नी," म्हणत तो लगबगीनं निघून गेला. खटला झाला नाही. मी तिथंच ओट्यावर बसले आणि हसता हसता रडू फुटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तशीच ओकाऱ्यांनी बेजार झालेली दुसरी बाई आली. ती मात्र स्वतःच्या पायांनी चालत आली होती. "अजून थोडं थांबू," मी बोलून गेले.

"कशासाटी थांबायचं?" तिनं विचारलं.

 तिला त्याच दुपारी शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात ठेवून घेतलं.