आई क्रिकेट पाहत नाही

आई क्रिकेट पाहत नाही. हे मी दुकानाला, कंपनीला आणि ग्राहक आयोगाला लेखी कळवले आहे.

टीव्ही जानेफळच्या घरी आला तेव्हा खोक्यावर चिकटपट्टीचे दोन थर होते. "तपासून आणला, मावशी," दुकानाचा माणूस म्हणाला. आईला ते बरे वाटले. तिने टीव्हीला हळदकुंकू वाहिले आणि पहिला पेढा शेजारणीला दिला.

आई वावरात गेली की घराची किल्ली या शेजारणीकडे असे. दोघी लग्न होऊन एकाच गल्लीत आल्या, तेव्हापासूनची ही रीत. दुपारी भाजी निवडत दोघी टीव्हीवर कीर्तन पाहत.

काही दिवसांत कीर्तनकाराच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक करडी पट्टी आईच्या लक्षात आली. तिच्या डाव्या टोकाला चौकोन होता. चॅनेल बदलले तरी पट्टी हलत नव्हती. एकच आकृती तासन्‌तास एका जागी राहिली की तिची छाप पडद्यात बसते. ही छाप क्रिकेटच्या धावफलकाची होती.

तक्रार केल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने रिमोटची काही बटणे दाबून एक पान उघडले, वाचले आणि बंद केले.

"मावशी, दिवसभर मॅच पाहता काय?"

"मले बॅट कोन्त्या हातात धरतात तेही माहीत नाही, बाप्पा."

"मंग दुसरं कोनी पाहत असन. किल्ली कोनाजवळ राह्यते?"

आईने शेजारच्या दाराकडे बोट दाखवले. त्याने अहवालात लिहिले: दोष ग्राहकाच्या वापरामुळे, वॉरंटी लागू नाही. मी बुलढाण्याहून दुकानदाराला फोन केला. त्याने मला पावतीच्या तळाची ओळ वाचून दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पावतीवर छापल्याने ओळीचा कायदा होत नाही, हे मी त्याला सांगितले. त्याने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी आईने शेजारणीला विचारले, "मी वावरात असतानी तुह्या घरचं कोनी मॅच पाह्याले येत होतं काय वं?"

शेजारीण घरात गेली, किल्ली घेऊन आली आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवली. "घे. आतलं सामानही मोजून घे."

त्यानंतर ती आली नाही.

मी गावी गेलो आणि त्याच तंत्रज्ञाला पुन्हा बोलावून ते पान उघडायला लावले. पडदा एकूण किती तास चालला, याची नोंद त्यावर होती. टीव्ही आमच्याकडे आल्यापासून रात्रंदिवस चालू ठेवला असता तरी तेवढे तास भरले नसते. म्हणजे आधी तो दुकानाच्या भिंतीवर मॅच दाखवत लटकला होता. नंतर खोक्यात भरून नवा म्हणून विकला गेला.

"तुम्ही हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं?"

"हाव."

"मंग किल्लीचं काऊन विचारलं?"

"साहेब, त्या दुकानाशी आमचं रोजचं काम पडते."

त्याचा स्वर सहज होता. तो स्वर मी अजून विसरलेलो नाही. दुकानाला वाचवायला त्याला कोणीतरी दोषी हवे होते आणि घरात हाताशी एक किल्ली होती.

मी पानाचा फोटो घेतला आणि तक्रार दाखल केली. वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तू बदलून मागता येते, पैसे परत मागता येतात, भरपाईही मागता येते. सुनावणीआधीच दुकानदार सीलबंद टीव्ही आणि नारळ घेऊन दारात हजर झाला.

आईने खोके उघडू दिले नाही. "आधी तिच्या घरी जाय. तिच्याकून काई झालं नाही म्हनून सांग."

"त्याची काय गरज, मावशी? टीव्ही तर बदलून देऊन राह्यलो."

"नाही तर घेऊन जाय तुहा डब्बा."

तो शेजारी गेला. मी मागे उभा होतो. शेजारीण दारातच थांबली. त्याने चूक दुकानाची असल्याचे सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"मले काऊन सांगता? मले तं पहिलेपासून माहीत होतं. तिले सांगा."

दार लागले. आमच्या ओसरीवरून आईला ते शब्द स्पष्ट ऐकू गेले. दुकानदाराने निघताना माझ्यापुढे तक्रार मागे घेण्याचा कागद धरला.

मी सही केली नाही.