पिवळ्या परत येईना

माणसाशिवाय चालणारं एक यंत्र बनवायचं तर माणसांची किती धावपळ होते, हे नागपुरात आमच्या प्रताप नगरातल्या वर्कशॉपमध्ये येऊन बघा. किस्से इतके साठलेत की चहा संपतो, ते संपत नाहीत! आम्ही तिघं: आमचे सर, प्रोग्रॅम लिहिणारी वैशाली आणि वायरिंग करणारा मी. पिवळ्या म्हणजे पाण्याखाली एकट्याने फिरणारा आमचा रोबो. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावरच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून त्याने आत जायचं, खालच्या पाण्याची मोजमापं घ्यायची आणि त्याच भोकातून वर यायचं. बनवलाय एकच. हरवला की आमची सगळी मेहनत गेली.

*

गार पाण्यात तो चालतो का, हे बघायला आम्ही भर मे महिन्यात बर्फाच्या लाद्या मागवल्या. लग्न कोणाचं, असं बर्फवाल्याने विचारलं. वैशालीने पिवळ्याची टाकी दाखवली. घाम पुसत तो म्हणाला, "त्याच्या बाजूले मले बी बसू द्या न, मॅडम."

*

कुहीकडच्या एका तलावावर पहिली मोठी चाचणी होती. पिवळ्या बुडी मारून गेला तो आलाच नाही. होडी घेऊन शोधलं, तर पिवळ्यासाहेब नागपूरच्या बाजूच्या काठाला, चिखलात नाक खुपसून पंखे फिरवत होते!

झालं असं, की चाचणीआधी सर नारळ फोडतात, आणि ओवाळताना पिवळ्याचे दिवे लागलेले त्यांना हवे असतात. सकाळी वर्कशॉपच्या दारात त्यांनी तो चालू केला, तो तसाच राहिला. आणि पिवळ्या जिथे चालू होतो, तीच जागा घर म्हणून लक्षात ठेवतो.

"त्याचं काय चुकलं?" सर म्हणाले. "प्रताप नगरलेच तर निघाला होता."

त्याचा चिखल धुताना मला इतकं हलकं वाटलं, की विचारू नका.

*

मग खऱ्या बर्फाची वेळ आली. वैशाली मोहिमेसोबत गेली. पिवळ्या आत गेल्याचा निरोप आला, आणि परतायची वेळ टळून गेली तरी पुढे काहीच नाही. त्याची बॅटरी आता कितीशी उरली असेल, हे आम्हा दोघांच्याही मनात होतं. शेवटी फोन वाजला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"आला, सर. धड आला."

सर खुर्चीत बसले. मला तर रडूच आलं. सरांनी विचारलं, "इतका उशीर काहून झाला वं?"

भोकात एक सील येऊन झोपली होती म्हणे, तिथला तो गलेलठ्ठ प्राणी. वाटेत जिवंत काही दिसलं की थांबायचं, हे पिवळ्याला आम्हीच शिकवलेलं. आणि तिथल्या प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, हा माणसांना नियम. त्यामुळे खाली पिवळ्या आणि वर सगळे शास्त्रज्ञ, ताटकळत!

"मग तिले उठवलं कोनं?"

"कोनीच नाही, सर. तिची झोप झाली. तिनं खाली याच्याकडं पाहिलं, अन् सरकून जागा देली."