लाल ठिपका

माझ्या मामाने एखाद्या वस्तूवर लाल ठिपका दिला, की तिच्यावर संशय घ्यायची कुणाची टाप नव्हती. रेडिओ आणि पंखे दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. दुरुस्त झालेली वस्तू तो काट्याच्या जुन्या मीटरवर तपासायचा आणि माझ्याच नेलपॉलिशने तिच्या कोपऱ्यात मुगाएवढा ठिपका द्यायचा. गल्लीत सगळे त्याला मीटरमामा म्हणत. "हा मुलगी बघायलासुद्धा मीटर घेऊन गेला असणार, म्हणून बिनलग्नाचा राहिला," अशी आई त्याची थट्टा करायची, आणि तो मनापासून खूश व्हायचा.

आईची फुफ्फुसं थकली तेव्हा तो आपली हत्यारांची पेटी घेऊन आमच्याकडेच राहायला आला. श्वासाचं यंत्र दिवसभर चालू ठेवावं लागायचं. वीज गेली की ते इन्व्हर्टरवर चाले. इन्व्हर्टरचं स्वतःचं चार्जिंग कधीच जळून गेलं होतं, म्हणून बॅटरी भरायला मामाने घरीच चार्जर बनवला: एक जुना ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि करंटला लगाम म्हणून मध्ये गाडीच्या दिव्याचा बल्ब. बॅटरीत करंट नीट जात असला की बल्ब लख्ख पेटायचा. आई पलंगावरून त्याच्याकडे बघत पडून असायची.

रविवारी दोन तास वीज गेली आणि बॅटरी बरीच उतरली. सोमवारी जिन्यात नोटीस लागली की शनिवारी नऊ ते एक वीज बंद राहील. त्या संध्याकाळी मामाने चार्जर लावला, तर बल्ब नुसता मिणमिणत होता. मीटरचा काटा एकवर अडला. हवे होते चार अँपियर.

"बॅटरीच्या चिमट्यांना गंज चढलाय," मामा म्हणाला. चिमटे घासले. एक. मंगळवारी त्याने चारही डायोड सोडवून तपासले, चारही ठणठणीत निघाले, तरी त्याने नवे घातले. एक. बुधवारी जाड तारा टाकल्या, गुरुवारी ट्रान्सफॉर्मरच बदलला. काटा हटायला तयार नाही. मामाचं जेवण तुटलं. मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता, कारण आमचा जीव त्या काट्याला टांगलेला होता.

"मामा, बॅटरीच तर गेली नसेल?" मी विचारलं.

त्याने मान वर न करता बॅटरीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तीन वर्षांपूर्वीचा ठिपका होता तिथे. "ती मी तपासलीय."

"तीन वर्षं झाली त्याला."

"दुखणं चार्जरमध्येच आहे. तू आपलं ऑक्सिजनच्या सिलिंडरचं बघ, बाकी माझ्यावर सोड."

मी सिलिंडरवाल्याला फोन केला. त्याच्याकडे एकच शिल्लक होता, तो शनिवारी सकाळी आणून देतो म्हणाला. तेवढाच आधार.

शुक्रवारी सकाळी मी चहा ठेवत होते, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "अगं... बघ... किती उजेड."

बल्ब लख्ख पेटला होता. काटा चारवर. मामाने रात्रीपासून कशाला हातही लावला नव्हता, तरी तो दोन्ही हात कमरेवर ठेवून असा उभा राहिला, जसा काही बल्ब त्याच्याच धाकाने पेटला होता. "नव्या तारांना रुळायला जरा वेळ लागतो," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. खोलीत सडक्या अंड्यासारखा वास येत होता. बॅटरीला हात लावला तर एक बाजू तापलेली लागली. मनात पाल चुकचुकली.

"तापणारच. करंट जातोय ना!"

"एकदा यंत्र बॅटरीवर लावून बघू या का?"

"चार दिवसांनी भरायला लागलंय, ते सांडून बघायचं?"

मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटायलाच हवं होतं. दुपारी सिलिंडरवाल्याचा फोन आला, की दुसऱ्या घरून निकड आहे, तुम्हाला नक्की लागणार का? मी बल्बकडे बघितलं आणि म्हटलं, "द्या त्यांना."

शनिवारी नऊला वीज गेली. इन्व्हर्टर सुरू झाला, यंत्र धापा टाकू लागलं, मामाने माझ्याकडे बघून भुवई उडवली. सात मिनिटांनी इन्व्हर्टर किंचाळला आणि सगळं बंद पडलं. आईने माझं मनगट धरलं. मी फोन लावला, तर सिलिंडरवाला म्हणाला, आता नाही, ताई. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला धावत आला. त्याने आणि मामाने खुर्चीत बसवून आईला तीन जिने उतरवलं. इस्पितळाच्या फाटकाशी पोचेपर्यंत मनगटावरची पकड सुटली होती. आई गेली.

पुढच्या आठवड्यात मामाने मागितली म्हणून टॅक्सीवाल्याने आपली जादा बॅटरी आणून दिली. मामाने ती त्याच चार्जरला लावली. काटा सरळ चारवर गेला.

"चार्जर पहिल्यापासून बरोबर होता," मामा म्हणाला. आवाज अगदी सपाट. "बॅटरी मेली होती. करंट घेतच नव्हती, म्हणून बल्ब मंद. शुक्रवारी तिचा एक सेल आतून शॉर्ट झाला आणि करंट धावत सुटला. भरत काहीच नव्हतं. ठिपका नसता, तर पहिली तीच तपासली असती."

मग त्याने माझ्याकडे नेलपॉलिश पुसायचं औषध मागितलं. मिक्सर, इस्त्री, पंख्याचं बटण, दारावरची घंटा, एकेक ठिपका पुसत तो घरभर फिरला. मी बाटली धरून मागे मागे होते.

आता तो काहीही दुरुस्त करायला घेतो तेव्हा आधी मला विचारतो, "तुला काय वाटतं?" मी काहीतरी उत्तर देते. त्या शुक्रवारी माझ्या फोनवरून कुणाला काय सांगितलं गेलं, हे त्याला अजून माहीत नाही. सिलिंडरवाला आयत्या वेळी उलटला, असंच तो सगळ्यांना सांगतो, माझ्यासमोर, आणि मी ऐकून घेते.