दोरीच्या तीन गाठी

माझ्या साडूंनी मला फसवलं. जळगावच्या कापूसबाजारात मला आजवर कुणी गंडवू शकलेलं नाही. या सज्जन माणसाने मात्र कुत्र्याच्या पिल्लापायी भर दिवसा गंडवलं.

साडू कापसाचे पारखी. सरकी दाताखाली फोडून मालातली ओल सांगायचे. बायको गेल्यावर त्यांनी पिल्लू पाळलं आणि ती सगळी पारख त्याच्या खेळण्यांवर लावली. दुकानात शिरले की आधी लाकडी भिंगरी चाटायचे. रंग सुटला की दुकानदाराला लाल जीभ काढून दाखवायचे. कापडी बाहुलीचे मण्यांचे डोळे ओढून बघायचे. डोळा हातात आला की पुढचं भांडण मी निस्तरायचं. एकदा एकाने आदराने विचारलं, "नातू केवढा आहे, शेठ?"

"दोन महिन्यांचा," साडू म्हणाले. "दात आलेत. शेपटीही चांगली आहे."

तासभर घासाघीस करून मी एक रबरी चेंडू मिळवला, तर पिल्लू तो अख्खा गिळेल म्हणून त्यांनी परत करायला लावला. "नाना, जे तोंडमा बठ्ठं जास, ते पोटमा बी जास." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. शेवटी त्यांनीच जाड सुती दोर धुतला, त्याची गच्च गाठ मारली, उरलेल्या चार दातांनी चावून पाहिली आणि मग पिल्लापुढे टाकली.

पोळ्यानंतर ते मुलीबरोबर तिच्या सासरी, धुळ्याला निघाले. पिल्लू आणि एक पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली.

"मनं घर काय कुत्रासनी धरमशाळा शे?" मी म्हणालो.

"धरमशाळा नई. पन तू शेस ना."

उपरण्याखाली माझा हात धरून त्यांनी चार बोटं दाबली. चार दिवस. आमच्या बाजारात सौदा असाच होतो, आणि असा दिलेला शब्द त्यांनी जन्मात मोडला नव्हता. मुलगी टांग्यात दुसरीकडे बघत बसली होती.

पिशवीत दोरीच्या तीन गाठी निघाल्या. एक पेरूएवढी, दुसरी बेलफळाएवढी, तिसरी चांगली नारळाएवढी. ती तिसरी पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाच जबड्यात धरता आली असती. म्हातारा चळला, असं म्हणून मी हसलो. गाठोडं न सोडता आतला माल ओळखणारा मी. माझ्या हातात उघडा माल होता आणि मला तो कळला नाही.

नवव्या दिवशी मुलीचं कार्ड आलं. आबा गेले. डॉक्टरांनी श्रावणातच हात टेकले होते, पण तुम्हाला कळवायचं नाही असं आबांनी बजावलं होतं.

पिल्लू आता दुसरी गाठ चावतं. टांगा वाजला की ती तोंडात धरून ओट्याच्या कडेला जाऊन उभं राहतं. त्याला मी काही सांगत नाही.

साडूंना आता विचारता येत नाही, म्हणून त्यांच्या मुलीला विचारतो. धुळं काही विलायतेत नाही. सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसलो असतो. बापाने नको म्हटलं असेल. तू का ऐकलंस? याचं उत्तर मला कार्डावर नको. इथे ये, माझ्यासमोर बस आणि सांग.