चाचांचं रविवारचं भूत

कार्टूनच्या सीडीचं मी नुसतं वेष्टन पाहिलं, आतला पिच्चर पाहिला नाही. नागपूरहून आणली आणि पांढरकवड्याला उतरल्याबरोबर चाचांच्या हातात ठेवली. "तीच पोरं, तोच लठ्ठ बोका," मी म्हणालो. "डोळे झाकून लावा." मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. त्यामुळे माझ्या सांगण्यावर लोक विश्वास ठेवायचे. गावाला तेवढा एक दोष होता.

चाचा आमचे केबलवाले. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. पुढे गच्चीवर छत्री बसवली आणि गावभर वायर ओढली. त्यांच्या खोलीत एक माइक होता. नळ कधी येणार, कोणाची बकरी हरवली, हे ते त्यावरून घरोघरच्या टीव्हीत सांगत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आमचे चाचा रविवारी सकाळी जे करत, ते तुमच्याकडच्याने केलं नसेल.

त्यांच्याकडे एका परदेशी कार्टूनच्या कॅसेटी होत्या. भाषा इंग्रजी, ती गावात कोणाला कळणार? मग चाचा आवाज बंद करायचे, माइकवर दोनदा फुंकायचे आणि स्वतःच सुरू व्हायचे. "पोट्टेहो, मुतून या लवकर. भूत येऊन राह्यलं!"

गोष्ट दर वेळी तीच. कुठंतरी भूत निघायचं, चार पोरं आणि तो बोका त्याच्या मागे लागायचे आणि शेवटी त्याचा मुखवटा ओढायचे. ओढण्याआधी चाचा क्षणभर गप्प बसत. मग एकदम, "पाहा! माणूसच निंघला! भ्यायचं कायले?" ही ओळ घराघरांतून पोरं त्यांच्याबरोबर ओरडायची. रस्त्यावर उभं राहिलं तरी ऐकू यायची.

मी शेजारी बसून अर्थ सांगायचो. त्याचा उपयोग शून्य. एकदा मी म्हणालो, "चाचा, हा भूत झालेला माणूस वस्तुसंग्रहालयाचा प्रमुख आहे."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "इथं कोनं पाह्यलं ते? कापसाचा ग्रेडर करून टाकतो."

खरेदी केंद्रावर चांगला कापूस ओला ठरवून भाव पाडणारा तो ग्रेडर. तेव्हापासून दर रविवारी मुखवट्याखाली तोच निघू लागला. खरे ग्रेडरसाहेब एकदा भांडायला आले. चाचांनी त्यांना चहा पाजला. "साहेब, तुमी कायले मनावर घेता? तो गोरा हाय."

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. लोक खाली मान घालून येत. "चाचा, वायर काढून घ्या. यंदा नाही जमत." चाचा शिडी लावून वायर काढत, पण घरी नेत नसत. तिचं वेटोळं करून त्याच घरातल्या खुंटीला टांगत. "राहू द्या इथंच. बोंडं चांगली भरली का जोडून देतो." गावातल्या कितीतरी खुंट्यांवर अशी वेटोळी लटकत होती. बोंडं काही भरली नाहीत.

जी घरं उरली, ती रविवारसाठी उरली होती. आणि कॅसेटी तर झिजलेल्या. भुताच्या अंगावरून पांढरे पट्टे धावायचे, पोरांना प्रत्येक भूत पाठ. "नवं काही लावा, नाहीतर आमचीही काढा," असं लोक म्हणू लागले. म्हणून ती सीडी. चाचांनी आठवडाभर नळाच्या वेळेनंतर पुकारा केला, "रविवारी नवं भूत!" वायर काढा म्हणायला आलेले दोघंतिघं तेवढ्यासाठी थांबले.

पिच्चर सुरू झाला. पोरं तीच होती, पण मोठी झालेली, थकलेली. बोका म्हातारा. रंग सगळे काळपट. त्या जुन्या कार्टूनचा हा मोठ्यांसाठी काढलेला नवा अवतार होता, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे इंग्रजीच्या प्राध्यापकाला गावातल्या शेंबड्या पोरांबरोबरच कळलं.

चाचांनी खिंड लढवली. "अंधार हाय कारण लाइन गेली. आपल्यासारखीच." पोरांनी भुताला गाठलं. मुखवटा ओढला. निघेना.

"निंघते, पोट्टेहो, निंघते. जरा फिट बसला हाय."

पडद्यावरची मुलगी काहीतरी बोलून रडायला लागली. चाचांनी माइक झाकला. "काय म्हनून राह्यली ते?"

"हा मुखवटा नाही, म्हणते. भूत खरं आहे."

"सर, हे मले माइकवर नाही म्हनता येत. घरोघरी काय चालू हाय, मालूम नाही काय तुमाले?"

"मग ग्रेडर म्हणा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्या भुताने जबडा उघडला होता आणि आत कोणीच नव्हतं. चाचांनी माइकवरचा हात काढला.

"नाही निंघत," ते म्हणाले आणि बटण बंद केलं. सगळ्या टीव्हींवर निळा पडदा आला.

तक्रार कोणीच केली नाही. पुढच्या रविवारी चाचांनी माइकवर फुंकलं, नळाची वेळ सांगितली आणि उठले. मी जुनी कॅसेट पुढे केली. "आता माहा आवाज निंघत नाही त्याच्यावर," म्हणाले. लोक येत गेले, शिडी लागत गेली. शेवटी चाचा घरोघर फिरून खुंटीवरची वेटोळी परत घेऊन आले. कोणी अडवलं नाही. मग ते पुतण्याकडे हैदराबादला गेले, एका इमारतीवर चौकीदार म्हणून. छत्री भंगारात गेली.

चाची मागून निघाल्या. ट्रकमध्ये सामान चढत होतं. मी खूप तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "चाची, माझ्या सीडीनं तुमचा धंदा बुडाला."

चाचींनी हातातली बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमच्या सीडीनं? सगळा तालुका बुडाला कापसानं, अन् तुमी कायले मोठेपना घेऊन राह्यले, सर? व्हा बाजूला. पलंग यायचा हाय."