सुतळीनं जोडलेलं आरमार

मित्र जमले की आमच्या आरमाराचे किस्से निघतातच. पूर्वी मी ते हसवायला सांगायचो. आताशा सांगता सांगता माझंच तोंड कडू होतं, पण सवय काही जात नाही. नको म्हटलं तरी असले किस्से साठतात, आणि एक काढला की त्याला धरून दुसरा बाहेर येतो.

तेव्हा अमरावतीत आमच्या शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी समुद्र भरायचा! मी ड्रॉइंगमास्तर, म्हणून फरशीवर निळ्या खडूनं चौकटी आखायचं काम माझं. त्यावर लढाईच्या खेळाची लाकडी जहाजं, भोवती पडदा. आतला समुद्र फक्त अंपायरनं पाहायचा. बाहेर बेंचांवर एकेक कॅप्टन, आणि त्याच्या कागदावर त्याच्या स्वतःच्या जहाजाला दिसेल तेवढंच.

समोर दर वेळी कुठली तरी पाहुणी पार्टी. आमचे कॅप्टन कोण? नानासाहेब वकील, कॉलेजातले गणिताचे प्रोफेसर आणि मी. तिघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता! पाहिला होता तो दशरथभाऊंनी. वलगावचं भाजी पिकवणारं घर त्यांचं. महायुद्धाच्या काळात नेव्हीत वायरलेसवर होते, परत येऊन तार ऑफिसात लागले. खेळाचे सगळे नियम त्यांनीच एका वहीत लिहिले होते. जहाज मात्र त्यांना कुणी दिलं नव्हतं.

*

पहिल्याच रविवारी नानासाहेबांना शत्रू दिसला आणि ते बेंचावरून ओरडले, "प्रोफेसर, उजवीकडे दोन आहेत, दोन!"

दशरथभाऊ म्हणाले, "साहेब, समुद्रात असं वरडून आयकू जात नाही. एकानं पायलं म्हून दुसऱ्याले ठाऊक होत नाही. चिठ्ठी लिहा. पुढच्या डावाले पोचन. अन् चिठ्ठी म्हंजे वायरलेस. पाठवली का दुश्मनाले तुमची चौकट कळन."

"चिठ्ठ्या पोचवणार कोण?" प्रोफेसरांनी विचारलं.

मग नानासाहेबांनीच निकाल दिला, "तुम्हीच पोचवा की! तारा पोचवायची सवयच आहे तुम्हाला!"

आम्ही हसलो. मीही हसलो. दशरथभाऊ अंपायर झाले ते असे.

*

प्रोफेसरांचं रडारवर फार प्रेम. रडार चालू ठेवलं की लांबचं दिसायचं, पण आपण कुठल्या दिशेला आहोत याचा सुगावा समोरच्यालाही लागायचा. हे नियमात स्वच्छ लिहिलेलं. तरी हे गृहस्थ पहिल्या डावापासून रडार चालू ठेवून बसायचे आणि चहाच्या आधी बुडायचे.

"पण मी त्याला दिसलोच कसा?" ते चिडून म्हणाले.

"सर, अंधारात कंदील घेऊन चोर शोधाले निंगालं, तं आधी कोन कोनाले दिसते?"

प्रोफेसर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तारवाल्याकडून शिकायचं म्हणजे अपमानच तो!

*

नानासाहेब बुडाले की अपील करायचे. एकदा पाणबुडीनं त्यांचं जहाज उडवलं, तर कागद नाचवत उभे राहिले. "पुरावा काय? माझ्या कागदावर पाणबुडी नव्हतीच!"

दशरथभाऊ शांतपणे म्हणाले, "कागदावर नव्हती साहेब. पान्यात होती."

*

दर दिवाळीला दशरथभाऊ एकदा विचारायचे, "यंदा मले एखादं जहाज भेटन काय?"

"मग अंपायर कुठून आणू?" नानासाहेबांचं उत्तर ठरलेलं.

एका वर्षी हे विचारताना त्यांच्या हातात शेतातल्या मेथीची टोपली होती. सगळ्यांसाठीच आणायचे ते. नानासाहेबांनी टोपली ठेवून घेतली आणि म्हणाले, "भाजीवर जहाज मिळत नसतं हो, दशरथ!"

त्या मेथीची जुडी मीही घरी नेली. बायकोनं छान केली होती.

*

पुढं दशरथभाऊंच्या बदलीची ऑर्डर आली. जायच्या आधीचा शेवटचा रविवार, आणि नेमकी अकोल्याची पार्टी खेळायला येणार होती. मी म्हटलं, "आज अंपायर मी होतो." इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं एवढंच एक बरं काम. दशरथभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जहाज मिळालं ते सगळ्यात लहान, तरी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं त्यांनी.

त्याच दिवशी प्रोफेसरांनी नवीन टूम काढली. विलायती मासिकात वाचलं होतं म्हणे, की आता जहाजांची यंत्रंच आपापसात बोलतात. एकाला दिसलं की सगळ्यांना दिसतं, चिठ्ठीचं कामच नाही. मग ठरलं, ज्या बेंचांना सुतळी बांधली ते एकमेकांचे कागद पाहू शकतात. नानासाहेबांनी आपला बेंच प्रोफेसरांच्या बेंचाला बांधला आणि उरलेली सुतळी गुंडाळून ठेवली.

"आन् त्यायच्या बेंचाले?" अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर शामरावजी यांनी दशरथभाऊंकडे बोट करून विचारलं.

"लहान जहाजावर एवढं मोठं यंत्र मावत नाही," नानासाहेब म्हणाले.

शामरावजी विरुद्ध बाजूचे, त्यांना कसली भीड! म्हणाले, "काहून साहेब, तुमच्या अमरावतीत सुतळीबी घर पाहूनच बांधता काय?"

खेळ सुरू झाला.

*

आता त्याच खेळातला शेवटचा किस्सा.

दशरथभाऊंना अकोल्याची पाणबुडी दिसली, नानासाहेबांच्या पाठीमागं. चिठ्ठी पाठवली तर आपली चौकट उघडी पडते, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? तरी त्यांनी लगेच लिहिली. मी नियमाप्रमाणे त्यांची चौकट अकोलेवाल्यांना सांगितली आणि पुढच्या डावाला चिठ्ठी नानासाहेबांना दिली. नानासाहेबांनी जहाज वळवलं. वाचले.

त्याच डावात नानासाहेबांच्या रडारवर अकोल्याची दोन जहाजं उमटली, दशरथभाऊंवर चालून जाणारी. नानासाहेबांनी चिठ्ठी लिहायला घेतली, थांबले, आणि मला हळूच विचारलं, "ही पाठवली तर माझी नेमकी चौकट कळेल ना त्यांना?"

"हो."

त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. मी अंपायर. अंपायरनं बोलायचं नसतं!

पुढच्या डावात दशरथभाऊ बुडाले. आम्ही जिंकलो. चहा आला, चिवडा आला, नानासाहेबांच्या गळ्यात हार पडला.

दशरथभाऊ वही घेऊन माझ्याजवळ आले. "मास्तर, ते दोन जहाजं वकीलसाहेबापासून पाच चौकटीवर होते. मी अकोलेवाल्यायच्या कागदावरून मोजून पायलं. रडारले सहा चौकटी दिसते, मीच लिवलं हाय. म्हंजे त्यायले दिसाले पायजे होतं. मंग मले चिठ्ठी काहून नाही आली? तुमी तं आत होते. दिसले नाही काय त्यायले?"

समोर नानासाहेब कुणाला तरी हसत टाळी देत होते. चहाचा कप माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "नाही दिसले."

दशरथभाऊ बेंचावर बसले, वही उघडली, आणि रडारच्या नियमातलं सहा खोडून तिथं चार लिहिलं.